मंदामावशी, तू मागितलेलं पत्रक

मंदामावशी,

तू गेलीस त्याला आज एकोणीस दिवस झाले. आपलं भांडण एका पानाचं होतं. तू म्हणायचीस, छाप. मी म्हणायचे, छापणार नाही. चार महिने हे असं चाललं आणि मग भांडायला तू उरली नाहीस. जिंकल्यासारखं मला एक दिवसही वाटलं नाही.

तुझा जन्म, माहेर, शिक्षण, मागे कोण कोण आहे, हे मी इथं लिहीत नाही. ते सक्करदऱ्याच्या चौकातल्या फ्लेक्सवर आहे. फोटो तुझ्या लग्नातला घेतलाय, मागचं निळं आभाळ फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर भरलंय, आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या खाली आपल्या भागातल्या पुढाऱ्यांनी आपापले फोटो लावून घेतलेत. तू दिवसभर काय हाताळायचीस हे त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मला माहीत होतं. म्हणून माझा गुन्हा त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

लकडगंजातल्या त्या गोडाऊनमध्ये तू अकरा वर्षं सुटा माल भरलास. ट्रकनं लोखंडी ड्रम यायचे, त्यातला माल तुम्ही बाया पाच-पाच लिटरच्या कॅनमध्ये भरायच्या, आणि ते कॅन गॅरेजवाले, पॉलिशवाले घेऊन जायचे. मालाला तुमच्यात नावं होती. डोळ्यांतून पाणी काढणारा तो झोंबरा. पाण्यात टाकला की पांढरा होणारा तो दूधपाणी. आणि एक गोडवास. गोडवास भरताना डोकं हलकं व्हायचं, दुपारनंतर बाया उगाचच हसायच्या. "न पेता चढते," तू मला सांगितलं होतंस, "मालकाले आमाले चहा पाजाचं काम नाय." मालकाकडे हातमोजे मागितले तर तो म्हणायचा, "काहून बाई, ऑपरेशन करायचं हाय का?"

एका दुपारी तू गाडीतून उतरवलेल्या गोडवासाच्या ड्रमवरच्या लेबलचा नंबर फोनमध्ये टाकलास. नाव का नाही टाकलंस, असं मी नंतर विचारलं. "नाव टायपायले जेवणाची सुट्टी पुरली नसती," तू म्हणालीस. नंबर होता ७९-०१-६. जगभरच्या रासायनिक संयुगांची माहिती जिथं साठवून ठेवलीय, त्या खुल्या, फुकट साइटचं पान तुझ्या हातात उघडलं. वर काड्या जोडून केल्यासारखं रेणूचं चित्र. खाली इंग्रजी, संपता संपेना इतकं. मध्ये लाल चौकटीतली दोन चित्रं. एकात उद्गारचिन्ह, दुसऱ्यात एक माणूस, छातीत तारा फुटल्यासारखी चीर पडलेला. इंग्रजी तुला बारावीपर्यंतचं, तेही अर्धं सुटलेलं. पण तो माणूस तुला वाचता आला.

संध्याकाळी तू तो फोन घेऊन आमच्याकडे आलीस. "हे वाच वं. या माणसाच्या छातीत काय फुटून राह्यलं?"

मी पहिला प्रश्न विचारला तो असा: "ही साइट कोणाची आहे? यात फायदा कोणाचा?"

तू माझ्याकडे बघतच राहिलीस. "अवं पोट्टी, नळाले पाणी आलं तर पहिले घागर लावतेत का इंजिनियरचं नाव पुसतेत?"

आधी फायदा कोणाचा ते विचारायचं, अशीच मी वाढले होते, मावशी. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचा छापखाना. शाळेच्या वह्यांना कव्हरं उरलेल्या पत्रकांची. माझ्या गणिताच्या वहीवर वर्षभर 'चलो संविधान चौक' होतं. जेवताना ताटाखाली पत्रक, फळीवर पत्रक, आणि बाबांचे दोन नियम: पत्रकात 'कदाचित' येत नाही, आणि पत्रक माफी मागत नाही. तेरा-चौदा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, ही दोन वाक्यं घटनेत आहेत.

तरी त्या संध्याकाळी मी शोधून काढलंच. साइट एका परदेशी सरकारच्या पैशावर चालते. तिथल्या लोकांच्या करातून. पैसे मागत नाही, नाव विचारत नाही, खातं उघडायला लावत नाही. मला संताप आला. आपल्या गोडाऊनमध्ये काय भरतात हे आपल्या मालकानं सांगायचं नाही, आपल्या कोणत्या खात्यानं भिंतीवर लावायचं नाही, आणि साता समुद्रापलीकडच्या कोणीतरी ते फुकट मांडून ठेवायचं, तेही आपल्या बायांना न येणाऱ्या भाषेत. मी ताडताड बोलत होते. तू मात्र अंगठ्यानं पान वर सरकवत होतीस.

"हे पाय. पाण्यालेही नंबर हाय!"

तू पाणी शोधलं होतंस. मग मीठ शोधलंस, मग खायचा सोडा. दर वेळी लहान मुलासारखी हरखायचीस. "आपल्या नळाच्या पाण्याचा असन का नंबर?" मी म्हटलं, ते शुद्ध पाण्याचं पान आहे मावशी. "मंग आपल्याले लागू नाय," म्हणालीस आणि दोघी हसलो. त्या आठवड्यात एवढंच एक हसू होतं.

पुढच्या रविवारपासून आपण पानं करायला बसलो. एका संयुगाचं एक मराठी पान: नाव, नंबर, कातडीला लागलं तर काय, डोळ्यात गेलं तर काय, श्वासातून गेलं तर काय, आणि मग काय करायचं. तुझ्या घरी, ओट्याशेजारच्या त्या छोट्या टेबलावर, हातानं लिहून. सात पानं झाली. एकेका शब्दावर तू अर्धा तास भांडायचीस. मी लिहिलं, 'हवा खेळती ठेवा.' तू म्हणालीस, "आमच्या गोडाऊनमधली हवा खेळत नाय वं, ते बसलेली रायते. काय करायचं थे लिही." मग आपण लिहिलं, 'शटर पूर्ण वर करून भरा. अर्ध्या शटरनं भरू नका.'

नंबर तपासायला तूच मला शिकवलंस. फोनवरच्या कुठल्याशा व्हिडिओत तू ते बघितलं होतंस. शेवटचा आकडा बाजूला ठेवायचा. उरलेले उजवीकडून घ्यायचे, पहिल्याला एकानं गुणायचं, दुसऱ्याला दोननं, असं पुढं. गोडवासाचं एक एके एक, शून्य, नऊ त्रिक सत्तावीस, सात चोक अठ्ठावीस. बेरीज छप्पन. छप्पनचा सहा, नंबरचा शेवटचाही सहा. "जुळलं," तू म्हणायचीस, आणि टेबलावर बोट आपटायचीस. एक आकडा इकडचा तिकडे झाला की जुळत नाही, लगेच कळतं. माझ्या आयुष्यात शंका घेण्याची इतकी साधी रीत मला कोणी शिकवली नव्हती.

आणि तिथंच आपलं पटेना. त्या साइटवर एकाच गोष्टीबद्दल चार ठिकाणची माहिती एकाखाली एक असते. एक म्हणतो असं, दुसरा म्हणतो तसं, प्रत्येकाच्या खाली कोणी म्हटलंय ते लिहिलेलं. कुठं सरळ लिहिलेलं, माहिती नाही. मला याचा राग यायचा. बाईला एका वाक्यात सांगायचंय आणि ही साइट तंटा दाखवतेय! तुला तेच आवडायचं. "भांडण झाकत नाय म्हणून मले पटते," तू म्हणायचीस. जिथं माहिती नाही तिथं मी स्वतःच्या मनानं काही लिहिलं की तू ते खोडायचीस. "रिकामं हाय थे रिकामंच ठेव. त्याच्यात तुया राग नोको भरू."

मी राग भरला, मावशी. तू नसताना.

तुझे पाय सुजले होते, दोन आठवडे तू कामावर नव्हतीस. ललितानं, तुझ्या शेजारी बसून माल भरणाऱ्या ललितानं, मला जेवणाच्या सुट्टीत आत घेतलं. दाराजवळ एक ड्रम होता, त्यावर छापील पांढरं लेबल, त्यावर नंबर. मी फोटो काढला. तिथंच उभ्या उभ्या बोटांवर गुणाकार केला. छप्पन. जुळलं. घरी येऊन साइटवरचं पान पुन्हा वाचलं, हे संयुग माणसाला कॅन्सर करतं असं स्पष्ट लिहिलेलं वाचलं, किडनीचा उल्लेख वाचला. मथळा टाकला: 'तुमच्या दाराशी विष आहे.' खाली लिहिलं, दाराजवळच्या पांढऱ्या लेबलच्या ड्रममध्ये ट्रायक्लोरोइथिलीन आहे, ज्याला तुम्ही गोडवास म्हणता. त्या ड्रमला हात लावू नका. बाबांनी पाचशे प्रती काढल्या. मी स्वतः फाटकावर उभी राहून वाटल्या.

दोन दिवस बायांनी त्या ड्रमला हात लावला नाही. ते दोन दिवस मी हवेत होते. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू खोकत होतीस, एवढंच म्हणालीस, "मी आल्यावर बोलू."

तिसऱ्या दिवशी मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. मलाही निरोप धाडला, मानानं. त्यानं दोन माणसांकडून तो ड्रम बाहेर आणवला, झाकण उघडलं, सदऱ्याची बाही दुमडली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. बाहेर काढून दोन्ही हात चोळले. फेस आला. पांढरा, लिंबाच्या वासाचा फेस.

"हे विष," तो म्हणाला. "आज सकाळी याच विषानं संडास धुतला. या ताई, तुम्हीही हात धुऊन घ्या."

बाया हसल्या. मालकानं खिशातून फोन काढला. "आणि ताई, तुमची ती साइट फुकट हाय म्हणे. मीही पाह्यली. तिच्यात साबणाचंही पान हाय. तेही छापा ना एखादं पत्रक."

सगळ्यात जोरात ललिता हसली. ते मला आजही लागतं. पण का हसली ते आता कळतं. दोन दिवस ती खरंच घाबरली होती, या वेळी त्या ड्रममध्ये साबणाऐवजी दुसरंच काही असेल म्हणून.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तू खाटेवर बसली होतीस, पाय उशीवर. मी सगळं सांगितलं. तुझा पहिला प्रश्न: "ड्रम उघडून पाह्यला का तू?"

"लेबल होतं मावशी. नंबर जुळला."

"लेबल ड्रमचं असते वं. आतल्या मालाचं नसते." तू कपाळावर हात मारलास. "गाडी आली का गोडवास पहिले हिरव्यात रिकामा करतेत. तोटीवाला हिरवा ड्रम नाय का स्टँडवर, त्याच्यात. मंग मोकळ्या ड्रममध्ये फरशीचा साबण कालवतेत. अकरा वर्षं झाले मी पाहून राह्यली. साइटले काय मालूम मालकानं कायच्यात काय भरलं?"

हिरव्या ड्रमवर लेबल नव्हतं. कधीच नव्हतं. रंगाचे थर चढवलेला, खाली पितळी तोटी बसवलेला. तुम्ही रोज त्याच्यापुढं मांडी घालून बसायच्या.

इथं एक गोष्ट लिहिते, मावशी, आणि तू नाहीस म्हणून गिळणार नाही. चूक तुझीही होती. सात पानं केली आपण, पण हे ड्रम बदलणं तू एकदाही सांगितलं नाहीस. संयुगाची इतकी माहिती गोळा केलीस आणि गोडाऊनची सांगायची राहिली. मी तुला तसं म्हटलंही. "मले वाटलं, हे त सगळ्यायलेच माहीत हाय," म्हणालीस. "चुकलं मायं. लिही त्याच्यात मायंही नाव."

लिही म्हणजे कशात? तर दुरुस्तीच्या पत्रकात. तुझ्या डोक्यात ते तेवढ्यात तयार झालं होतं. पहिली ओळ, आमची चूक झाली, त्या ड्रममध्ये साबण आहे. दुसरी, गोडवास हिरव्या ड्रममध्ये आहे. तिसरी, शटर वर करून भरा, तोंड तोटीजवळ नेऊ नका, हात उघडे ठेवू नका. बस.

मी म्हटलं, "माफीचं पत्रक? मावशी, मालक ते फ्रेम करून भिंतीवर लावेल."

"लावू दे ना. भिंतीवर लागलं त बाया वाचतीन."

मी चळवळीबद्दल बोलले. एकदा चुकलो म्हटलं की पुढं कोणी आपलं ऐकत नाही, असं बोलले. समोरचा आपल्या कबुलीचा वापर करतो, असं बोलले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "आताही कोण ऐकून राह्यलं?"

खरं होतं. गोडाऊनमध्ये 'विष' हा शब्द आता थट्टेचा झाला होता. कोणी खोकली की दुसरी म्हणायची, साबण लागला का वं? पूर्वी गोडवास भरताना पदर नाकाशी धरणाऱ्या दोघी-तिघींनी तोही सोडून दिला होता. पत्रक छापायच्या आधी त्या बाया जितक्या सावध होत्या, त्यापेक्षा कमी सावध झाल्या. ते माझ्या लेखणीनं केलं.

दुसऱ्यांदा तू मागितलंस तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्यात होतीस. किडन्यांचं निदान झालं होतं, आठवड्यातून दोनदा मशीनवर. डॉक्टर तरुण होता, थकलेला. त्यानं विचारलं, काम काय करता? तू त्याला नंबर सांगितलास. पाठ. डॉक्टरनं भुवया उंचावल्या, स्वतःचा फोन काढला, आणि तीच साइट उघडली. मी त्याच्या बोटाकडे बघत होते. तो बराच वेळ वाचत होता.

"असू शकतं," तो म्हणाला. "बीपीही आहे तुम्हाला, जुना. नक्की सांगता येणार नाही."

मी पुढं झाले. "असू शकतं एवढं तरी लिहून द्या."

"मॅडम, जे मला माहीत नाही ते मी केसपेपरवर कसं लिहू?"

मी आवाज चढवला. बाजूच्या खाटांवरची माणसं उठून बसली. तू माझी ओढणी धरून मला मागं ओढलंस. "बस ना वं. तो खरं बोलून राह्यला. त्याले माहीत नाय, त तो माहीत नाय म्हणून राह्यला. तुले जमते का तसं?" आणि डॉक्टर गेल्यावर, डोळे मिटून, "छापलं का?"

"तू बरी हो आधी."

"म्हणजे नाय छापलं."

तिसऱ्या वेळी तू मागितलंच नाहीस. हिरव्या ड्रमपुढं बसलेली ललिता भर दुपारी चक्कर येऊन पुढं झुकली आणि स्टँडचा लोखंडी कोपरा तिच्या कपाळात गेला. सात टाके. बाकीच्या आधी हसल्या म्हणे. साबण चढला म्हणाल्या. मग रक्त बघून पळाल्या. ही बातमी तुला मी सांगितली नव्हती, भेटायला आलेल्या कुणा बाईनं सांगितली. मी खाटेशी आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून होतीस.

"ललिता पडली म्हणे," एवढंच म्हणालीस.

मी तिथं अर्धा तास बसले. तू वळली नाहीस. त्यानंतर आपण बोललो, पण ते पाणी देऊ का, उशी वर करू का, इतकंच. सहाव्या दिवशी तू गेलीस.

आता इथं, या वाक्यानंतर, मला एक वाक्य लिहायचंय. माझा हात शिवशिवतोय. त्या हिरव्या ड्रमनं तुला मारलं, असं. माझं सगळं वाढणं, बाबांचे सगळे मथळे, माझा सगळा संताप त्या वाक्याकडे ओढतोय. गोडाऊनचं नाव, मालकाचं नाव, आणि खुनी. पण मला माहीत नाही, मावशी. डॉक्टरला माहीत नव्हतं, मला कुठून असणार? मला एवढं माहीत आहे की तू अकरा वर्षं त्या तोटीपुढं बसलीस, तुला कोणी हातमोजे दिले नाहीत, तिथं काय आहे ते कोणी सांगितलं नाही, आणि तुझ्या किडन्या गेल्या. या दोन गोष्टींच्या मधली जागा मी रिकामी ठेवते. ती भरायची जबाबदारी ज्यांची आहे ते तपासत नाहीत, नमुना घेत नाहीत, नोंद ठेवत नाहीत. या नमुना न घेण्यावर मी जन्मभर लिहीन. पण त्या जागेत माझा राग घालणार नाही.

तुझ्या तेराव्यानंतर मी बाबांच्या पुढ्यात कागद ठेवला. एक पान, हातानं लिहिलेलं. त्यांनी चष्मा लावला. मी वाद घालायच्या तयारीनं उभी होते, सगळी वाक्यं जुळवून. त्यांनी दोनदा वाचलं.

"मथळा केवढ्यात घेतला?"

"बारीक. चौकटीत."

"विष मोठ्या अक्षरात आणि चूक बारीक अक्षरात?" बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "तेवढाच मोठा घे. तोच टाइप."

त्यांनी आयुष्यात असं पत्रक छापलं नव्हतं. मशीन सुरू करताना त्यांचा चेहरा मी पाहिला नाही, मुद्दाम.

काल सकाळी मी फाटकावर गेले. पत्रकात असं आहे: 'आमची चूक. दाराजवळच्या लेबलच्या ड्रममध्ये ट्रायक्लोरोइथिलीन असल्याचं आम्ही लिहिलं होतं. ते चूक होतं. त्यात साबण आहे. ड्रम उघडून न बघता मी लिहिलं. गोडवास हिरव्या, तोटीच्या ड्रममध्ये भरतात, असं इथं अकरा वर्षं काम केलेल्या मंदाबाईंनी सांगितलं. मी स्वतः ते पाहिलेलं नाही.' खाली तू सांगितलेली शटरची, तोटीची, हातांची ओळ, आणि तुझंही नाव, तू म्हणाली होतीस तसं. मालकानं गाडीतून उतरून एक प्रत घेतली, वाचली. घडी घालून खिशात ठेवली. थट्टा करायला त्यात काही उरलं नव्हतं बहुतेक.

ललिता आली. कपाळावरची पट्टी निघालेली, टाक्यांची लाल रेघ भुवईपर्यंत. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. तिनं प्रत घेतली आणि बाजूला उभी राहून सावकाश, ओठ हलवत वाचली. मग परत माझ्याकडे आली.

"हे चार महिने पहिले काहून नाय आणलं?"

मी गठ्ठ्यातल्या प्रती सारख्या केल्या.

"आणि हे काय लिहिलं? मंदाबाईनं सांगतलं. मंदाबाई त मेली. मालक म्हणन, मेलेल्या बाईचं काय घेऊन बसल्या." तिनं पान माझ्यापुढं धरलं. "कालच्या गाडीचा माल हिरव्यात मी ओतला. मी, माह्या या हातानं. मायं नाव टाक."

"ललिता, काम जाईल तुझं."

"गेलं त गेलं. डोकं त गेलंच व्हतं." तिनं कपाळावरून बोट फिरवलं. "टाक नाव. मी जिती हाय अजून."

मी पेन काढलं. गठ्ठा फाटकाच्या कठड्यावर ठेवला आणि पहिल्या प्रतीवर, तुझ्या नावाच्या खाली, लिहिलं: 'आणि ललिता, जिनं कालचा माल स्वतः हिरव्या ड्रममध्ये ओतला.' तिनं ती प्रत उचलून वाचली, मान हलवली आणि आत जाणाऱ्या पहिल्या बाईच्या हातात दिली. मग पुढची प्रत माझ्यासमोर सरकवली. शटर वर जाईपर्यंत आम्ही दोघी तसंच करत होतो, मावशी. मी लिहायचे, ती वाचून बघायची, आणि मगच द्यायची.